बेसबॉलचा बॉक्स स्कोअर वाचायचा कसा, आणि त्याचा ताळा कसा करायचा

न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. कॅलिफोर्नियातला असेल तर सकाळी साडेसातला, म्हणजे ऐन डब्याच्या गडबडीत. सीझनमध्ये प्रत्येक टीम १६२ सामने खेळते. ते सगळे कोण बघणार? म्हणून भारतात राहून अमेरिकन बेसबॉलचा नाद लागलेला माणूस सामना बघतो कमी आणि वाचतो जास्त. तो जे वाचतो त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. एका सामन्यात प्रत्येक खेळाडूने काय केलं याचा हा तक्ता सामना संपताच पूर्ण तयार असतो.

पहिल्यांदा उघडलात की बिचकायला होतं. एबी, आर, एच, आरबीआय, एलओबी, आयपी, ईआर अशी अक्षरांची रांग आणि खाली बारीक टाइपात आडनावं. पण क्रिकेटचं स्कोअरकार्ड वाचणाऱ्याला हा तक्ता परका वाटायचं कारण नाही, कारण त्याचं मूळच तिथलं आहे. हा तक्ता रुळवण्याचं श्रेय ज्याला देतात तो हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमध्ये, एक्सेटरला जन्मला. १८३७ मध्ये तो घरच्यांबरोबर अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी आधी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. पुढे बेसबॉलकडे वळला तेव्हा स्कोअरकार्डाची सवय त्याने सोबत नेली.

माझे काका मुंबईत मैदानावर क्लबच्या सामन्यांचं स्कोअरबुक लिहायचे. मांडीवर वही, कानाला पेन्सिल. सामना संपला तरी ते उठत नसत. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर एका बाजूला, गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बेरजा सारख्या आल्या की मगच वही मिटायची. "ताळा जुळला," एवढंच म्हणायचे. बॉक्स स्कोअर वाचायला मी शिकले ती हाच शब्द डोक्यात ठेवून. नवशिक्यांना मी तेच सुचवते: अक्षरं पाठ करत बसू नका, ताळा करायला शिका. ताळा करता करता अक्षरं आपोआप कळतात.

आधी एक सामना निवडा

सरावासाठी जुना, नीटनेटका सामना घ्यावा. मी ८ ऑक्टोबर १९५६ चा घेते. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे सीझनच्या शेवटच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना, यांकी स्टेडियम, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. यांकीजचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, डॉन लार्सन याने डॉजर्सच्या २७ बॅटरना ओळीने आउट केलं. एकही जण बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या कोपऱ्यांपैकी एकावरही, पोचला नाही. याला परफेक्ट गेम म्हणतात, आणि वर्ल्ड सिरीजमधला असा हा आजवरचा एकमेव. एका बाजूला सगळी शून्यं असल्यामुळे दुसऱ्या बाजूकडे निवांत बघता येतं, म्हणून शिकायला हा उत्तम.

वरची पट्टी: लाइन स्कोअर

इनिंग:  १ २ ३ | ४ ५ ६ | ७ ८ ९ || आर एच ई
डॉजर्स:  ० ० ० | ० ० ० | ० ० ० || ० ० ०
यांकीज:  ० ० ० | १ ० १ | ० ० × || २ ५ ०

वरची ओळ पाहुण्यांची, खालची यजमानांची. पाहुणे नेहमी आधी बॅटिंग करतात. प्रत्येक आकडा म्हणजे त्या इनिंगमध्ये झालेल्या रन. शेवटचे तीन रकाने एकूण रन, एकूण हिट आणि एकूण एरर, म्हणजे फील्डरच्या चुका. नवव्या इनिंगखालचा × म्हणजे यजमानांना शेवटची बॅटिंग करायची गरजच पडली नाही. ते पुढे होते, सामना संपला. हा × लक्षात ठेवा, पुढे ताळ्यात लागणार आहे.

बॅटरचा तक्ता

यांकीजची बाजू अशी आहे. खेळाडू, त्याची जागा, मग एबी, आर, एच, आरबीआय:

बाउअर, राइट फील्ड: ४ ० १ १
कॉलिन्स, फर्स्ट बेस: ४ ० १ ०
मँटल, सेंटर फील्ड: ३ १ १ १
बेरा, कॅचर: ३ ० ० ०
स्लॉटर, लेफ्ट फील्ड: २ ० ० ०
मार्टिन, सेकंड बेस: ३ ० १ ०
मॅकडूगल्ड, शॉर्टस्टॉप: २ ० ० ०
केरी, थर्ड बेस: ३ १ १ ०
लार्सन, पिचर: २ ० ० ०
एकूण: २६ २ ५ २

नावं वरून खाली बॅटिंगच्या क्रमाने येतात. क्रिकेटसारखा आउट झालेला माणूस घरी जात नाही, नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो. लार्सन पिचर असून बॅटिंग करतोय, कारण तेव्हा तशीच पद्धत होती. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी डीएच, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा खेळाडू येतो. आजच्या तक्त्यात पिचर बॅटरच्या यादीत दिसला तर तो दोन्ही करणारा शोहेई ओतानी असण्याचीच शक्यता जास्त.

आर म्हणजे त्या खेळाडूने स्वतः तिन्ही बेस फिरून होम प्लेट, म्हणजे बॅटिंगची जागा, गाठून केलेली रन. एच म्हणजे हिट, बॉल मारून बॅटरने स्वतः कमावलेला बेस. आरबीआय म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे घरी आलेल्या रन, मग घरी येणारा दुसरा कुणी का असेना. मँटलच्या ओळीत तिन्ही ठिकाणी १ आहे. एक हिट, स्वतःची एक रन, आणि ती आणली स्वतःच. तो होम रन, म्हणजे एकाच फटक्यात सगळे बेस फिरवून घरी आणणारा हिट, होता हे खालची टीप न वाचताही ओळखता येतं. केरीची ओळ बघा: रन आहे, आरबीआय नाही. बाउअरची उलटी: आरबीआय आहे, रन नाही. म्हणजे केरी बेसवर होता आणि बाउअरने त्याला घरी आणलं. दोन ओळींत अख्खी सहावी इनिंग उभी राहते.

नवशिक्यांना अडकवणारा रकाना एबी. तो "किती वेळा बॅटिंगला आला" असा वाटतो, पण तसा नाही. पिचरने चार वाइड-सदृश बॉल टाकून बॅटरला फुकट पहिला बेस दिला, म्हणजे वॉक झाला, तर एबी धरत नाहीत. बॉल अंगावर लागून बेस मिळाला तरी नाही. स्वतः आउट होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा बंट (बॅट न फिरवता हळूच टेकवलेला बॉल) किंवा रन आणणारा उंच झेल, ज्यांना सॅक्रिफाइस म्हणतात, तेही नाहीत. कारण रास्त आहे. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले एबी. ज्या वेळी बॅटरला मारायची संधीच मिळाली नाही, किंवा त्याने टीमसाठी स्वतःला आउट करून घेतलं, ते त्याच्या ॲव्हरेजमधून का कापावं?

आता स्लॉटर, मॅकडूगल्ड आणि लार्सन यांच्यापुढे २ च का, ते कळतं. पहिल्या दोघांना एकेक वॉक मिळाला, लार्सनने एक सॅक्रिफाइस बंट केला. तिघेही तीन-तीनदा बॅटिंगला आले होते.

ताळा

सगळ्या तक्त्याचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे कागद-पेन्सिल घ्याच.

बेसबॉलमध्ये बॅटिंगला आलेल्या प्रत्येक माणसाचा शेवट तीनपैकी एकाच प्रकारे होतो. एक तर त्याची रन होते, नाही तर तो आउट होतो, नाही तर इनिंग संपते तेव्हा तो बेसवर उभा राहतो. या तिसऱ्याला एलओबी म्हणतात. चौथी वाट नाही. म्हणून:

एबी + वॉक + अंगावर लागलेले बॉल + सॅक्रिफाइस = रन + एलओबी + आउट

यांकीज: २६ + २ + ० + १ = २९. दुसऱ्या बाजूला रन २, खालच्या टिपेत दिलेले एलओबी ३, आणि आउट २४. सत्तावीस का नाहीत? लाइन स्कोअरमधला तो ×. नववी इनिंग खेळलेच नाहीत, म्हणून आठ गुणिले तीन. २ + ३ + २४ = २९.

जुळला.

आता जरा खोलात जा. पाच हिट आणि दोन वॉक म्हणजे सात जण बेसवर पोचले. दोघांच्या रन झाल्या, तिघे उभे राहिले. उरले दोन. ते कुठे गेले? (एक जण आउट होऊन त्याच्या जागी बॅटर बेसवर आला, तर जागा तीच धरायची, हिशेब बदलत नाही.) उत्तर तक्त्याखालच्या बारीक टाइपात आहे. 'डीपी', म्हणजे डबल प्ले, एका बॉलवर दोन आउट. तिथे डॉजर्सच्या नावे दोन नोंदी आहेत:

रीज–हॉजेस
हॉजेस–कॅम्पानेला–रॉबिन्सन–कॅम्पानेला–रॉबिन्सन

ही दुसरी ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईची चूक समजले. दोन नावं दोनदा कशाला? मग तक्त्यातल्या जागा बघितल्या. हॉजेस फर्स्ट बेसवर, कॅम्पानेला कॅचर, जॅकी रॉबिन्सन थर्ड बेसवर. सहावी इनिंग, थर्ड बेसवर बाउअर, बॅटिंगला मँटल. त्याने मारलेला बॉल हॉजेसने अडवला, पहिल्या बेसवर पाय देऊन मँटलला आउट केलं आणि बॉल होम प्लेटकडे फेकला. बाउअर मध्येच अडकला. पुढे कॅचर, मागे थर्ड बेसमन, आणि बॉल त्या दोघांत इकडून तिकडे. शेवटी रॉबिन्सनने त्याला टिपलं. लंगडी-खोखो खेळलेल्याला अशी कोंडी सांगायला नको. सत्तर वर्षांपूर्वीची ती धावपळ पाच आडनावांच्या ओळीत जशीच्या तशी आहे, आणि ताळ्यात दोन माणसं कमी पडली म्हणूनच आपण तिच्यापर्यंत पोचलो.

डॉजर्सचा ताळाही करून बघा. एबी २७, वॉक ०, बाकी काही नाही. रन ०, एलओबी ०, आउट २७. असा ताळा क्वचित बघायला मिळतो.

पिचरचा तक्ता

लार्सन: आयपी ९, एच ०, आर ०, ईआर ०, बीबी ०, के ७
मॅग्ली: आयपी ८, एच ५, आर २, ईआर २, बीबी २, के ५

आयपी म्हणजे टाकलेल्या इनिंग. ५.१ दिसलं तर पाच पूर्णांक एक दशांश वाचू नका. पाच इनिंग आणि वर एक आउट. आपल्या ओव्हरसारखंच, फक्त इथे तीन आउटची एक इनिंग होते, त्यामुळे ५.२ नंतर थेट ६. बीबी म्हणजे वॉक. के म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइकवर, म्हणजे हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या नीट बॉलवर, आउट. हे अक्षर चॅडविकने निवडलं, 'स्ट्रक' या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर म्हणून. मैदानात बसून स्कोअर लिहिणारे लोक, बॅटरने बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक गेला तर हे अक्षर उलटं काढतात.

आर आणि ईआर यांतला फरक क्रिकेटवाल्याला लगेच पटावा. बाय गेला तर त्या धावा आपण गोलंदाजाच्या नावावर मांडत नाही. तसंच इथे फील्डरच्या एररमुळे झालेली रन आरमध्ये येते, ईआरमध्ये नाही. एरर झाली नसती तर इनिंग कधीच संपली असती, असं असेल तर त्यानंतरच्या सगळ्या रन पिचरच्या खात्यातून वगळतात. याचं उदाहरण लार्सनचंच आहे. परफेक्ट गेमच्या तीन दिवस आधी, त्याच सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात त्याची ओळ अशी होती: आयपी १.२, एच १, आर ४, ईआर ०, बीबी ४. दुसरी इनिंगही त्याला पूर्ण करता आली नाही. चार वॉक दिले, त्याच्या नावावर चार रन लागल्या, आणि तरीही ईआर शून्य. त्या सिरीजमध्ये त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे ईआरची सरासरी, ०.०० राहिला. त्या दिवशी तो चांगला टाकत होता असं कुणीच म्हणणार नाही. म्हणून मी पिचरची ओळ वाचताना ईआरच्या आधी बीबीकडे बघते. ईआर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतो, वॉक पिचर स्वतःच्या हाताने देतो.

ईआरए काढायची रीत सोपी: ईआर गुणिले नऊ, भागिले इनिंग. मॅग्लीचा या सामन्यापुरता १८ भागिले ८, म्हणजे २.२५. आजच्या तक्त्यांत मात्र नावापुढे येणारा ईआरए सीझनभराचा असतो, त्या दिवसाचा नव्हे. बॅटिंग ॲव्हरेजचंही तेच. नवीन वाचक इथे हमखास फसतात.

पिचरच्या नावापुढे डब्ल्यू किंवा एल असतं: विजय कुणाच्या नावे, पराभव कुणाच्या नावे. मॅग्लीच्या नावापुढे एल आहे. त्याने पहिले अकरा बॅटर ओळीने आउट केले होते, बारावा मँटल. आठ इनिंगमध्ये पाच हिट देणारा माणूस हरला, कारण समोर लार्सन होता. या अक्षरावरून पिचरची पारख करू नये असं माझं ठाम मत आहे.

आज एका बाजूला चार-पाच पिचर असतात. नियम एवढा लक्षात ठेवा की बेसवरच्या माणसाची रन, त्याला बेसवर जाऊ देणाऱ्या पिचरच्या खात्यात जाते, तोवर बॉल दुसऱ्याच्या हातात गेला असला तरी. एका बाजूच्या सगळ्या पिचरच्या एचची बेरीज समोरच्या टीमच्या हिटइतकी यायला हवी. काकांचा ताळा तो हाच.

आत सरकवलेली नावं आणि बारीक टाइप

डॉजर्सच्या यादीत शेवटी, मॅग्लीच्या खाली, जरा आत सरकवून मिचेल हे नाव आहे आणि पुढे पीएच. पीएच म्हणजे दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला आलेला. मॅग्लीच्या जागी नवव्या इनिंगमध्ये तो आला, सत्तावीसावा बॅटर म्हणून. मॅग्लीचे एबी २, त्याचा १. दोघे मिळून एकच जागा, म्हणून बेरीज इतरांसारखीच ३. आत सरकवलेलं नाव दिसलं की वरच्या नावाशी त्याची बेरीज करायची.

खालच्या टिपांत होम रन, सॅक्रिफाइस, डबल प्ले, एलओबी असतात. मग टी म्हणजे लागलेला वेळ, इथे २ तास ६ मिनिटं, आणि ए म्हणजे प्रेक्षक, इथे ६४,५१९.

तक्त्यात न मावणारं

दुसऱ्या इनिंगमध्ये रॉबिन्सनने थर्ड बेसकडे सणसणीत बॉल मारला. केरीच्या ग्लोव्हला लागून तो उडाला आणि शॉर्टस्टॉप मॅकडूगल्डच्या समोर गेला. त्याने उचलून पहिल्या बेसवर फेकला, रॉबिन्सन थोडक्यात आउट. बॉक्स स्कोअरमध्ये रॉबिन्सनपुढे फक्त ३ ० ० ० आहे. हे जिथे सापडतं ती स्कोअरशीट, म्हणजे प्रत्येक बॅटरची स्वतंत्र चौकट. तिथे फील्डरना नंबर असतात: १ पिचर, २ कॅचर, ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड बेस, ५ थर्ड बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट, ८ सेंटर, ९ राइट फील्ड. रॉबिन्सनचा तो आउट ५-६-३ असा लिहितात. बाउअरच्या कोंडीचा ३-२-५-२-५.

बॉल हातातून सुटला तर ती हिट की फील्डरची एरर, हे ठरवणारा माणूस मैदानात असतो. त्याला ऑफिशियल स्कोअरर म्हणतात, आणि साधारण प्रयत्नात बॅटर आउट व्हायला हवा होता का, एवढंच तो बघतो. त्याचा निर्णय नंतर बदलूही शकतो. रात्री पाहिलेला तक्ता आणि दोन दिवसांनी पाहिलेला तक्ता यांत एका हिटचा फरक दिसला तर गोंधळू नका.

आता तुमची पाळी

आज सकाळचा कुठलाही सामना उघडा. आधी लाइन स्कोअर, × आहे का बघा. मग हरलेल्या टीमचा ताळा करा, हरलेल्यांचाच, कारण त्यांचा एलओबी बघितला की सामना कुठे निसटला ते बरेचदा तिथेच सापडतं. हिट नऊ, रन एक, एलओबी अकरा असं दिसलं तर ती टीम बेसवर सारखी पोचत होती, घरी येत नव्हती. मग जिंकलेल्यांचा ताळा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागतील, आठवड्याभरात दोन.

दोन्ही बाजू न जुळल्या तर तीन ठिकाणी बघा. यजमानांनी शेवटच्या इनिंगमध्ये विजयी रन काढून सामना तिथेच संपवला असेल तर त्या इनिंगचे तीन आउट पूर्ण झालेले नसतात. झाले तेवढेच धरा. कॅचरच्या अडथळ्यामुळे मिळालेला बेस एबीमध्ये येत नाही, तो टिपेत शोधून डाव्या बाजूला मिळवा. आणि सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला असेल, तर २०२० पासून नेहमीच्या सीझनमध्ये अशा प्रत्येक जादा इनिंगच्या सुरुवातीला सेकंड बेसवर एक माणूस आयता उभा करतात. तो बॅटिंग न करता बेसवर आलेला असतो, त्यामुळे उजवी बाजू जास्त भरते. टीम जितक्या जादा इनिंग खेळली तितके डावीकडे मिळवा आणि पुन्हा बेरीज करा.